घोड्यांचा आकडा आणि मुंबईचे स्पीडब्रेकर

मा. संपादक यांस,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत स्पोर्ट्स कारविषयी आलेल्या लेखाचा सूर असा होता, की कंपनीची परफॉर्मन्स पॅकेजं ही निव्वळ श्रीमंतांची हौस. तेवढी ताकद बाहेरचा ट्यूनर लाख-दीड लाखात काढून देतो, मग शोरूमला पंधरा लाख कशाला मोजायचे? यातलं पहिलं अर्धं म्हणणं बऱ्याच अंशी पटतं. दुसरं अर्धं मात्र वाचकाला आधी गॅरेजात आणि मग आरटीओत नेऊन सोडणारं आहे, म्हणून हे पत्र.

घोटाळा असा होतो, की ‘फॅक्टरी अपग्रेड’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली गोष्ट म्हणजे नुसतं कुलूप उघडून देणं. जर्मन कंपन्यांच्या बऱ्याच वेगवान गाड्या कारखान्यातूनच ताशी २५० किमीवर बांधून येतात. बीएमडब्ल्यूचं एम ड्रायव्हर्स पॅकेज किंवा एएमजीचं तशाच नावाचं पॅकेज हा बांध मॉडेलप्रमाणे २७०, २९० वगैरेंवर सरकवतं. इंजिनात एक नटही बदलत नाही. मर्सिडीजने २०२२ साली अमेरिकेत विजेच्या गाड्यांना जादा प्रवेग (वेग पटकन पकडण्याची ताकद) वर्षाला १,२०० डॉलर भाड्याने देऊ केला होता, तोही याच जातीचा. आता आपल्याकडचे रस्ते बघा. कोस्टल रोडवर ८०, त्याच्या बोगद्यात ६०, अटल सेतूवर १०० आणि समृद्धीवर १२०. यापुढे जाण्याची कायदेशीर सोय महाराष्ट्रात नाही. हा पर्याय यादीत दिसला की पुढच्या ओळीवर जावं, विचारात एक मिनिटही घालवू नये.

त्याच्याच शेजारी ० ते १०० किमीचा वेग गाठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा असतो. पोर्शच्या ९९२ पिढीच्या ९११ कॅरेराला स्पोर्ट क्रोनो पॅकेज घेतलं की हा वेळ ४.२ वरून ४.० सेकंदांवर येतो. ताशी १०० च्या वेगात ०.२ सेकंद म्हणजे साडेपाच मीटर, जेमतेम एका गाडीची लांबी. एवढ्यासाठीच घेत असाल तर घेऊ नका. पण त्याच पॅकेजात इंजिनाचे डायनॅमिक माउंट (इंजिन ज्यांवर टेकतं ते आधार) येतात. ते सरळ चालताना मऊ राहतात, जोरात वळताना कडक होतात, आणि मागे टांगलेल्या इंजिनाचा झोका कमी करतात. ती वस्तू खरी आहे, आणि जाहिरातीत तिचं नाव सगळ्यात बारीक अक्षरात असतं!

पैशांचं गणित मुंबईत बसून वेगळं होतं. पूर्ण बांधून आयात होणाऱ्या, ४० हजार डॉलरवरच्या गाडीवर २०२५ च्या अर्थसंकल्पापासून मूळ सीमाशुल्क ७० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर ४० टक्के, मिळून ११० टक्के. त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी. म्हणजे कारखान्यात १०० रुपयांना चढवलेली वस्तू बंदरात २१० ची होते आणि जीएसटीनंतर २९४ ची. डीलरचा नफा अजून यात धरलेलाच नाही. वर राज्याचा एकरकमी कर, म्हणजे रोड टॅक्स. आयात गाडीला २० टक्के, पण जुलै २०२५ पासून कमाल ३० लाख. ही कमाल मर्यादा दीड कोटीच्या किमतीला गाठली जाते. त्यामुळे दोन कोटींच्या गाडीवर पाच लाखांचा पर्याय वाढवला तर रोड टॅक्स वाढत नाही, आणि नव्वद लाखांच्या गाडीवर तोच पर्याय घेतला तर लाखभर कर चढतो.

उलट तीच वस्तू कंपनीच्याच कॅटलॉगमधून सुटा भाग म्हणून मागवली, तर तिच्यावरचं सीमाशुल्क गाडीच्या मानाने कितीतरी कमी आणि जीएसटी १८ टक्के. म्हणून नियम सोपा ठेवावा. गाडी उघडल्याशिवाय, वायरिंगला हात लावल्याशिवाय जे नंतर बसतं ते ऑर्डर देताना घेऊ नये. कार्बनची आरशाची टोपणं, स्टिअरिंग व्हील, एक्झॉस्टची टोकं, पेडल हे सगळं नंतरचं. जे कारखान्याबाहेर नीट बसूच शकत नाही, त्यासाठीच हे तिप्पट पैसे मोजावेत. भारतात जुळणी होणाऱ्या गाड्यांचं करगणित निराळं आहे, पण तिथे पर्यायांची यादीच इतकी आखूड असते की निवडायला फारसं काही उरत नाही.

दुसरी जात म्हणजे इंजिनाचा खरा पॉवर किट. याचं चांगलं उदाहरण म्हणजे ९९१ पिढीच्या ९११ कॅरेरा एसचा एक्स५१. ताकद ४०० वरून ४३० पीएस (अश्वशक्ती). तीसच घोडे, म्हणून लोक हसत. पण त्या तीस घोड्यांसाठी बदललेले सिलिंडर हेड, निराळा इनटेक मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट, इंजिनाचं नवं सॉफ्टवेअर आणि पुढे एक जादा रेडिएटर येत असे. म्हणजे आकड्याबरोबर तो आकडा पेलणारं सामानही येत होतं. सेल्समनला एकच प्रश्न विचारावा. ताकद वाढते तेव्हा कोणते पार्ट नंबर बदलतात? रेडिएटर, इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा), क्लच, ब्रेक यांपैकी काहीच बदलत नसेल, तर आपण नुसती सॉफ्टवेअरची फाइल विकत घेतोय हे समजावं.

बाहेरच्या ट्यूनरच्या रीमॅपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला मॅप (सॉफ्टवेअर) बदलण्यात, नेमकं हे सामान नसतं. टर्बो इंजिनाच्या रीमॅपमध्ये बूस्ट (आत भरलेल्या हवेचा दाब) वाढवतात, इग्निशन पुढे ओढतात, म्हणजे ठिणगी लवकर पाडतात, आणि टॉर्कच्या (पिळाच्या जोराच्या) मर्यादा उचलतात. कागदावर ४०-५० घोडे सहज वाढतात, डायनोवरही (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरही) दिसतात, कारण डायनोसमोर पंखा असतो आणि धाव काही सेकंदांची असते. मुंबईत गाडी बीकेसीच्या सिग्नलला अर्धा तास सरपटत येते. इंटरकूलर तापून बसतो, आत जाणारी हवा बाहेरच्या ३५ अंशांपेक्षा कितीतरी गरम असते. २५ अंशांची हवा ३५ ची झाली तरी तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी उतरते. इंटरकूलरच तापला की याहून जास्त. नॉक सेन्सरला ठोका (इंधनाचा अवेळी स्फोट) लागला की ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन मागे घेतो, आणि विकत घेतलेले घोडे तिथेच खाली उतरतात. कारखान्याच्या मॅपमध्ये हे मागे येणं हिशेबात धरलेलं असतं. स्वस्तातल्या फाइलमध्ये कधी कधी ते रोखून धरलेलं असतं, आणि मग पिस्टनच्या कडा फुटतात.

पेट्रोलचा मुद्दा पुरवणीतल्या लेखात आलाच नाही. युरोपातल्या अनेक स्पोर्ट्स कार ९८ ऑक्टेनवर (ऑक्टेन म्हणजे ठोका न देण्याची पेट्रोलची क्षमता) पूर्ण ताकद देतील अशा बेताने जुळवलेल्या असतात. पेट्रोलच्या झाकणाच्या आत बघा, तिथे ऑक्टेन आणि ई५ किंवा ई१० (इथेनॉलची टक्केवारी) असा शिक्का असतो. आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल आता ई२०. इथेनॉलमुळे ऑक्टेन सुधारतो हे खरं, पण लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी पडते. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठेक टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंपात जी शिल्लक क्षमता असते, तिचा एक तुकडा ई२० ने आधीच खाल्लेला असतो. उरलेला रीमॅप खातो. मग फुल थ्रॉटलला मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रण म्हणजे तापलेला एक्झॉस्ट, तापलेला टर्बो. १०० ऑक्टेनचं पेट्रोल मुंबईत काही पंपांवर मिळतं. जोरात चालवायची असेल तर ते भरावं, पण मॅप त्याच्यावर बांधू नये. पुण्याहून परतताना टाकी रिकामी झाली की खोपोलीला मिळेल तेच भरावं लागतं.

गिअरबॉक्सचं तसंच. २०२५ मध्ये भारतात आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयचं उदाहरण घ्या. २६५ पीएस आणि ३७० न्यूटन-मीटर टॉर्क. तिच्यातला ओल्या (तेलातल्या) क्लचचा सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स साधारण ४२० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे. म्हणजे शिल्लक पन्नास. स्टेज वनची (नुसत्या सॉफ्टवेअर बदलाची) लोकप्रिय फाइल बहुतेकदा ही मर्यादा ओलांडते, आणि क्लच घसरू नये म्हणून मग गिअरबॉक्सचीही फाइल बदलावी लागते. फोक्सवॅगन-ऑडीच्या प्रणालीत असा बदल सापडला की त्या चासिस नंबरवर टीडी१ ही खूण पडते, आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या वॉरंटीचे दावे अडकतात. मूळ फाइल परत चढवली तरी फ्लॅश (सॉफ्टवेअर किती वेळा चढवलं ते) मोजणारा काउंटर मागे जात नाही.

तिसरी जात म्हणजे ब्रेक, सस्पेन्शन, चाकं असं इंजिनाबाहेरचं सामान. आधी ब्रेक, कारण इथे सगळ्यात जास्त पैसे जातात आणि सगळ्यात कमी विचार होतो.

कार्बन-सिरॅमिक डिस्क लोखंडी डिस्कच्या जवळपास निम्म्या वजनाच्या असतात. स्प्रिंगखालचं (चाक, ब्रेक वगैरेंचं) वजन घटतं, काळी धूळ चाकांवर बसत नाही, आणि समुद्राच्या हवेने त्या गंजत नाहीत. जुलैत चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या लोखंडी डिस्कवर तांबडा थर येतो आणि पहिले चार ब्रेक करकरतात, तो त्रास नाही. एवढे गुण मान्य. पण त्या बनवल्यात कशासाठी? वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ऊर्जा वाढते. २०० वरून गाडी थांबवताना ब्रेकमध्ये जी उष्णता शिरते ती ८० वरून थांबवण्याच्या सव्वासहा पट. ट्रॅकवर लॅपमागून लॅप ती उष्णता पचवणं हे सिरॅमिकचं काम. वरळी सी फेसला लोखंडी डिस्क कोमट होण्यापलीकडे जात नाही. उलट ओल्या, थंड सिरॅमिकची पहिली पकड किंचित उशिरा येते, आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा.

खरा धोका पंक्चरवाल्याकडे आहे. चाक काढताना रिमची आतली कड डिस्कवर आपटली की कडेचा टवका उडतो, आणि ठरावीक मापापेक्षा मोठा टवका म्हणजे डिस्क बाद. बहुतेकदा दोन्ही बाजूंच्या बदलाव्या लागतात. पद्धत अशी. जॅक ठरलेल्या जागीच लावायचा, सगळ्यात वरचा बोल्ट काढून त्याच्या जागी गाडीच्या टूलकिटमधली मार्गदर्शक पिन हाताने पिळायची, आणखी एक बोल्ट काढून तिथे दुसरी पिन, मग उरलेले बोल्ट काढून चाक पिनांवरून सरळ बाहेर ओढायचं. चढवताना उलट. ९११ च्या पाच बोल्टांना १६० न्यूटन-मीटर, क्रॉसमध्ये, टॉर्क रेंचने. न्यूमॅटिक गन लावू द्यायची नाही. सेंटर-लॉक चाकं असतील तर एकच नट, पण ६०० न्यूटन-मीटर. एवढा रेंच आणि त्याचं सॉकेट रस्त्यावरच्या दुकानात नसतं, त्यामुळे पंक्चर झालं की गाडी फ्लॅटबेडवर. सेंटर-लॉक जिथे ऐच्छिक असेल तिथे सोडून द्या. दिसतं छान, बाकी काही नाही.

मधला मार्ग पोर्शने २०१७ च्या केयेनपासून आणला. लोखंडी डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा थर. धूळ कमी, गंज कमी, किंमत सिरॅमिकपेक्षा बरीच खाली. मिळत असेल तर मुंबईला हा जास्त शोभतो.

सस्पेन्शन आणि चाकांत मात्र चूक झाली की रोज सोसावी लागते. स्पोर्ट सस्पेन्शन म्हणून गाडी १० किंवा २० मिलिमीटर खाली आणतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणाचा स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येचा. ९११ चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.४५ मीटर. या कमानीवर गाडी मधोमध आली तर पोटाखाली वर येणारा उंचवटा अवघा साडेचार सेंटिमीटर भरतो. म्हणजे नियमाने बांधलेल्या स्पीडब्रेकरवर सहसा कुठलीच स्पोर्ट्स कार घासणार नाही, खाली आणलेलीसुद्धा! घासते ती सोसायटीने रात्रीत डांबर ओतून केलेल्या अरुंद ढिगावर. तो १५ सेंटिमीटरचा असला तर चाकं दोन्हीकडे सपाटीवर आणि ढीग थेट पोटाला. दुसरी जागा टॉवरच्या तळघराचा रॅम्प, जिथे चढ एकदम सुरू होतो आणि पुढचा बंपर आधी टेकतो. तिसरी, मेकॅनिकल पार्किंगच्या पॅलेटची कड.

म्हणून मुंबईत एकच पर्याय डोळे मिटून घ्यावा, तो म्हणजे पुढचा ॲक्सल उचलणारी यंत्रणा. बटण दाबलं की नाक सुमारे ४० मिलिमीटर वर येतं, कमी वेगातच चालतं. पंप, हायड्रॉलिक नळ्या, निराळे डँपर आणि कंट्रोल युनिट असल्यामुळे नंतर बसवणं जवळजवळ अशक्य. मागची चाकं वळवणारी यंत्रणाही अशीच, गिरगावच्या गल्लीत यू-टर्न घेताना तिची किंमत कळते. ॲक्सल उचलणारी यंत्रणा फक्त पुढचं नाक उचलते हेही ध्यानात ठेवा. अरुंद ढिगावर तिरपं चढून एकेक चाक पार करणं, हा जुना उपाय अजूनही लागतोच.

चाकं. कॅरेराला पुढे २३५/४० १९ आणि मागे २९५/३५ २०. कॅरेरा एसला पुढे २४५/३५ २० आणि मागे ३०५/३० २१. गणित केलं तर मागच्या टायरची भिंत १०३ मिलिमीटरवरून साडेएक्क्याण्णववर येते, पुढची ९४ वरून ८६ वर. खड्ड्याच्या कडेपासून रिमला वाचवणारी उशी तेवढीच, त्यातला सेंटिमीटरभर आपण पैसे देऊन काढून टाकतो. मग भिंतीला फुगा येतो किंवा रिमची आतली कड वाकते, जी बाहेरून दिसत नाही, फक्त ताशी ८० ला स्टिअरिंग थरथरतं. विम्यात टायरवर ५० टक्के घसारा कापतात, हेही लक्षात असू द्यावं. ट्रॅक पॅकेजबरोबर येणारे सेमी-स्लिक (कमी खाचांचे) टायर तर साचलेल्या पाण्यावर तरंगतात. ते घेतलेच तर पावसाळ्यासाठी दुसरा सेट हवाच. नवीन टायर घेताना बाजूचा शिक्का जुळवा. पोर्शला एन, बीएमडब्ल्यूला तारा, मर्सिडीजला एमओ.

स्पोर्ट्स एक्झॉस्टबद्दल थोडक्यात. फॅक्टरीच्या एक्झॉस्टमध्ये झडप असते, बंद केली की शेजारी झोपतात. ताकद फारशी वाढत नाही, आवाज विकत घेतला जातो, हे मान्य करून घ्यावा. बाहेरून बसवलेला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढून टाकलेला पाइप मात्र बीएस-६ गाडीत सरळ बेकायदा. आवाज-प्रदूषणाच्या नियमभंगाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्रता आहे.

यापेक्षा महत्त्वाचं कलम ५२. नोंदणीपत्रावरचा तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, हा त्याचा आशय, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ (४) आलं. परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम स्पोर्ट्स कारवाल्याला किरकोळ वाटेल. विम्याचा क्लेम किरकोळ नसतो. अपघातानंतर सर्व्हेअरने न कळवलेला बदल नोंदवला की वाद तिथून सुरू होतो. फॅक्टरी पर्यायाचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की तो इन्व्हॉइसवर आणि चासिस नंबरखाली छापलेला असतो.

पण तोही आपोआप विम्यात उतरत नाही. विमा कंपनीचा संगणक मॉडेलच्या मूळ किमतीवर आयडीव्ही (गाडीची विम्यात धरलेली किंमत) काढतो. २० लाखांचे पर्याय असतील तर इन्व्हॉइस दाखवून आयडीव्ही वाढवून घ्या, नाहीतर गाडी टोटल लॉस झाली की पर्याय फुकट गेले. आणि ट्रॅकवर गाडी नेणाऱ्यांनी पॉलिसीतली वापराची अट वाचावी. आयोजित शर्यत आणि वेगचाचणी त्यातून वगळलेली असते, गाडी कितीही फॅक्टरीची असली तरी.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी पिवळ्या कॅलिपरवर (डिस्क दाबणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यावर) भाळू नये. पोर्शचं सिरॅमिक म्हणजे पिवळा कॅलिपर हे सगळ्यांना ठाऊक झाल्यापासून रंगाचे डबे खपू लागलेत. चाकाच्या आऱ्यांतून डिस्क बघा. लोखंडी डिस्क चकचकीत चंदेरी आणि कडेला गंजाची रेघ, सिरॅमिक करडी, ठिपकेदार. सिरॅमिकची झीज जाडीपेक्षा वजनावर ठरते. किमान वजन डिस्कच्या मधल्या भागावर कोरलेलं असतं, म्हणून डिस्क काढून तोलून घ्या. चासिस नंबरवरून पर्यायांची मूळ यादी अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून मागवा आणि गाडीशी ताडून बघा. इंजिनाचा ओव्हर-रेव्ह अहवालही (इंजिन मर्यादेपलीकडे किती फिरवलं त्याची नोंद) तिथेच निघतो.

नव्या गाडीचंही तसंच करा. गाडी आरटीओ पासिंगला जाण्याआधी यादी हातात घेऊन यार्डात जा आणि नाक उचलण्याचं बटण स्वतः दाबून बघा. पासिंग झाल्यावर चुकीची गाडी परत घ्यायला कोणी तयार होत नाही.

आपला,
एक मोटार अभियंता,
माहीम, मुंबई